घणसोलीवरच्या तारा आणि आपल्या फडातला टॉवर



शेतकी खात्याकडे येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. नोंद मागे का पडली, तोड कधी येणार, बेणे कुठले घ्यावे, खोडव्याला खताचा हप्ता किती. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. गट ऑफिसात येऊन सभासद खुर्चीच्या टोकावर बसतात आणि हळूच विचारतात, "साहेब, रानातनं हायटेन्शन लाइन चाललीया. माणसं आली, खुंट्या रोवून गेली. आता कागदावर सही मागत्यात. करू का नको?"

हा प्रश्न उसाचा नाही म्हणून आम्हाला हात झटकता आले असते. पण टॉवर उभा राहतो तो उसाच्या फडात. पाया खणतात तो सरीत, आणि तार ओढताना आडवा होतो तो आपल्याच कारखान्याकडे नोंदलेला ऊस. म्हणून ह्या अंकात नेहमीचा खोडवा-व्यवस्थापनाचा लेख बाजूला ठेवून ह्या विषयावर चार गोष्टी सांगत आहोत. आम्ही वकील नव्हे, पण कायद्याची कलमे वाचायला वकिलीची सनद लागत नाही.

तारेचे दुसरे टोक

आपल्या बांधावर उभे राहून तार कुठून आली आणि कुठे चालली हे कळत नाही. त्यासाठी तारेच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. ते टोक म्हणजे मुंबई, आणि मुंबईच्या दारातले एक गाव म्हणजे घणसोली.

घणसोली हे नाव आपल्या सभासदांना परके नाही. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे माथाडी कामगार म्हणून मुंबईला गेली, आणि बाजारपेठ वाशीला हलल्यावर घणसोली, कोपरखैरणे ह्या भागातल्या माथाडी वसाहतींत स्थायिक झाली. सुट्टीला गावी येणारी पोरे 'घणसोलीला असतो' म्हणून सांगतात. पण मूळचे घणसोली गाव माथाड्यांचे नव्हे. ते आगरी-कोळ्यांचे. पुढे ठाण्याची खाडी, मागे पारसिकचा डोंगर, मधल्या पट्टीत भातशेती आणि मिठागरे, आणि खाडीत मासेमारी. उसाचे कांडेही तिथे कधी रुजले नसेल, कारण जमीन खारी. पण जमिनीवर माणसाचा जीव असतो तो सगळीकडे सारखाच.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्यात घणसोलीही आली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. साडेबारा टक्के योजना ती हीच.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. घणसोलीकरांची जमीन गेली ती 'संपादना'ने. सातबाऱ्यावरचे नाव गेले आणि त्याबद्दल मोबदला, पुढे भूखंड, हे हक्क म्हणून आले. आपल्या रानातून तार जाते तेव्हा तसे काही होत नाही. सातबारा आपल्याच नावावर राहतो, शेतसारा आपणच भरतो, ऊसही आपणच लावतो. फक्त डोक्यावरून चार लाख व्होल्टची तार जाते आणि त्या तारेखालच्या जमिनीवर पुढच्या पिढ्यांनी काय करायचे नाही याची यादी तयार होते. संपादन नाही, भाडेपट्टा नाही, विक्रीही नाही. कायद्याच्या भाषेत तो नुसता 'वापराचा हक्क' आहे. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचा अर्धा गोंधळ मिटतो.

मुंबई अंधारात गेली तो दिवस

घणसोलीच्या शेजारी, ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला, राज्य भार प्रेषण केंद्र आहे. कळव्याचे केंद्र म्हणूनही ते ओळखले जाते. महाराष्ट्रात कुठल्या क्षणी किती वीज तयार होते आणि किती खपते याचा ताळमेळ तिथे रात्रंदिवस घातला जातो. बगॅस जाळून आपले सहकारी कारखाने जी वीज विकतात तीही ह्याच हिशेबात धरली जाते. तेव्हा तारेच्या कामात आपण फक्त सोसणारे आहोत असे नाही. हंगामात आपणही वीज पाठवणारे आहोत, आणि आपलीही वीज कुणाच्या तरी रानावरूनच जाते. बोलताना याची आठवण ठेवलेली बरी.

आता मुंबईला वीज पोहोचते कशी ते पाहू. सन १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून परळपर्यंत तारा ओढल्या, तेव्हापासून मुंबई बाहेरच्या विजेवर उजळते आहे. १९६० च्या दशकात कोयनेची वीज आली. १९९९ मध्ये चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० के.व्ही. एकदिश दाबाची आणि १५०० मेगावॅट वाहून नेणारी वाहिनी सुरू झाली. राज्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ती कापूस, सोयाबीन, ज्वारी, ऊस अशा सगळ्या रानांवरून जाते. पण मुंबईच्या वेशीवर आल्यावर वाट अरुंद होते. एका बाजूला खाडी, एका बाजूला डोंगर आणि अभयारण्य, मध्ये इमारती. त्यामुळे पडघे, कळवा, खारघर अशा मोजक्या उपकेंद्रांवर सगळा भार येतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी ह्या अरुंद वाटेची किंमत कळली. ह्याच पट्ट्यातल्या ४०० के.व्ही. वाहिन्या काही तासांच्या अवधीत एकामागून एक बाद झाल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस होते, रुग्णालये भरलेली होती. अत्यावश्यक पुरवठा दोनेक तासांत सुरू झाला, काही भागांना मात्र रात्र झाली.

त्यानंतर चौकशा झाल्या आणि एक जुनी गोष्ट नव्याने पुढे आली. मुंबई शहरात ४०० के.व्ही.चे एकही उपकेंद्र नव्हते. खाडीपलीकडे विक्रोळीला ते करायचे असे ठरून वर्षानुवर्षे ते कागदावरच होते. जागेचा प्रश्न, वाटेचा प्रश्न, परवानग्यांचा प्रश्न. शेवटी स्पर्धात्मक निविदेतून २०१९ अखेर हे काम अदानी ट्रान्समिशनकडे गेले आणि खारघर–विक्रोळी वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. नकाशावर हे अंतर एका बोटाचे. पण डोंगर, शहर आणि खाडी ओलांडायची म्हटल्यावर काळ किती गेला ते पाहा.

परवानग्यांची माळ

मोठी वाहिनी उभी करायला कुणाकुणाचे कागद लागतात, हे सभासदांना माहीत असावे.

प्रथम गरज ठरते. राज्यातली वाहिनी असेल तर महापारेषण, म्हणजे २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन झालेली पारेषण कंपनी, तिचा आराखडा करते. राज्याबाहेर जाणारी असेल तर केंद्राची यंत्रणा. मग काम नियमाने नेमून दिले जाते किंवा निविदा निघते. पारेषणाचा परवाना विद्युत नियामक आयोग देतो आणि तो देण्याआधी जाहीर सूचना काढून हरकती मागवतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे उघड्या तारांच्या वाहिनीला सरकारची पूर्वमंजुरी लागते. पुढे मार्गाचे सर्वेक्षण होते. जंगल लागले तर १९८० च्या वनकायद्याखाली केंद्राची मंजुरी. अभयारण्य लागले तर वन्यजीव मंडळ. समुद्रकिनारा किंवा खाडी लागली तर किनारा नियमन क्षेत्राची मान्यता. रेल्वे ओलांडायची तर रेल्वेची, महामार्ग ओलांडायचा तर रस्ते खात्याची, विमानतळ जवळ असेल तर विमानतळ प्राधिकरणाची. दूरध्वनीच्या तारांवर परिणाम होऊ नये म्हणून एक स्वतंत्र समन्वय समिती आहे, तिचाही दाखला लागतो. आणि सगळे उभे राहिल्यावर विद्युत निरीक्षकाने पाहिल्याशिवाय तारेत वीज सोडता येत नाही.

घणसोलीच्या किनाऱ्यावर ह्या माळेत आणखी एक मणी आहे. तो म्हणजे खारफुटी. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले की खारफुटी तोडता येणार नाही, आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोडणे अटळ असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी. शिवाय ऐरोली ते वाशी पुलांच्या दरम्यान ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ साली जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत त्याचा समावेश झाला. म्हणजे तिथे चिखलातल्या झाडालाही न्यायालयात उभे राहायला जागा आहे. बुलेट ट्रेनच्या महामंडळालासुद्धा मुंबई, ठाणे, पालघर मिळून सुमारे २२ हजार खारफुटी तोडण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ती परवानगी मिळाली. त्याच गाडीसाठी घणसोलीहून शिळफाट्याकडे जाणारा बोगदा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. खाडीखालून तर सात किलोमीटरचा मार्ग आहे.

आम्हाला खारफुटीबद्दल आकस नाही. ती किनारा धरून ठेवते, माशांची पिल्ले तिच्यात वाढतात, कोळ्यांचे पोट तिच्यावर आहे. पण वरची माळ पुन्हा एकदा वाचा. जंगल आहे, पक्षी आहे, खारफुटी आहे, रेल्वे आहे, विमान आहे, दूरध्वनीची तार आहे. ज्याच्या उभ्या उसात टॉवर येणार त्या शेतकऱ्याच्या संमतीचा कागद ह्या यादीत नाही. वाहिन्यांना पर्यावरण मंजुरीही लागत नाही, त्यामुळे त्या मंजुरीसाठी जी जनसुनावणी होते तीही नाही.

१८८५ चा कायदा

असे का, तर वीज कायद्याचे कलम १६४. ह्या कलमाखाली सरकार आदेश काढून वाहिनी उभारणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देते. इंग्रजाने तारायंत्राच्या तारा ओढण्यासाठी केलेला तो कायदा. तारायंत्र बंद पडले. नवा दूरसंचार कायदा २०२३ साली आला आणि त्यात जुना कायदा रद्द करण्याची तरतूद झाली. पण त्याच नव्या कायद्यात असेही लिहून ठेवले आहे की, वीज वाहिन्यांच्या बाबतीत जुन्या कायद्याचा तिसरा भाग लागू राहील. म्हणजे तार गेली तरी तिचा अधिकार आपल्या बांधावर शिल्लक आहे.

कलम १६४ चा आदेश हाती असेल तर जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स ह्या प्रकरणात ते स्पष्ट केले. कुणी अडवले तर तार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी काम करू देण्याचा हुकूम देतात, आणि मग बंदोबस्तात काम होते. ह्यामागचा विचार अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. शंभर किलोमीटरची वाहिनी हजारभर खातेदारांच्या रानातून जाते. प्रत्येकाची सही लागणार असेल तर एकही तार कुठेच पोहोचणार नाही, आपल्या शेतीपंपालाही नाही. पण संमतीची गरज नाही म्हणजे मोबदल्याचीही गरज नाही, असे जे काही कंत्राटदारांची माणसे बोलून जातात, ते सपशेल खोटे आहे.

त्याच जुन्या कायद्याचे कलम १० सांगते की नुकसान शक्य तितके कमी करावे, आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई 'हितसंबंध असलेल्या सर्व व्यक्तींना' द्यावी. ह्यातला 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा. जमीन एकाची आणि ऊस वाट्याने दुसऱ्याचा असेल तर पिकाच्या भरपाईत वाटेकऱ्याचाही हक्क येतो. आणि रक्कम पुरेशी नाही असे वाटले तर कलम १६(३) प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. तहसील कचेरीच्या फेऱ्या मारून दमलेल्या सभासदांना ही वाट ठाऊकच नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केरळच्या एका खटल्यात असेही सांगितले की भरपाई ठरवताना जमीन कुठे आहे, किती सुपीक आहे, तार तिच्या कुठल्या भागावरून जाते हे पाहिले पाहिजे, सगळ्यांना एकच माप लावू नये.

म्हणून सही करू का नको, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे : आधी वाचा, मग विचारा, मग सही. कलम १६४ च्या आदेशाची प्रत मागा. वाहिनी राज्याची की केंद्राची, किती के.व्ही.ची, मंजूर नकाशात तुमचा गट नंबर आहे का, हे विचारा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. 'मला मोबदला मान्य आहे' आणि 'मला काम सुरू झाल्याची माहिती मिळाली' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

हिशेब

मोबदल्याचे नियम बदलत आले आहेत. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असे होते. महाराष्ट्राने ३१ मे २०१७ रोजी शासन निर्णयाने आपले धोरण सुधारले. १४ जून २०२४ च्या केंद्राच्या नव्या तत्त्वांत टॉवरच्या जागेला किमतीच्या २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के असे प्रमाण आले. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधली जागा आणि भोवती प्रत्येक बाजूस एक-एक मीटर.

पट्टा किती रुंद? १३२ के.व्ही.ला २७ मीटर, २२० के.व्ही.ला ३५ मीटर, ४०० के.व्ही.ला ४६ मीटर. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. तेव्हा ४०० के.व्ही.ची तार आपल्या रानातून ८८ मीटर गेली की एक एकर पट्ट्याखाली आला असे समजावे. हा हिशेब ऐकून बहुतेक सभासद चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त टॉवरचे चार पाय असतात.

उदाहरण घेऊ. मानू की जमिनीची ठरलेली किंमत एकरी २० लाख रुपये आहे आणि ४०० के.व्ही.ची तार रानातून १०० मीटर जाते. पट्टा झाला ४६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपंचेचाळीस गुंठे. ३० टक्क्यांनी त्याचे सुमारे ६ लाख ८२ हजार होतात. टॉवरचा पाया बारा बाय बारा मीटरचा धरला तर भोवतीची जागा मिळून चौदा बाय चौदा, म्हणजे १९६ चौरस मीटर, दोन गुंठ्यांच्या आतबाहेर. २०० टक्क्यांनी त्याचे सुमारे १ लाख ९४ हजार. टॉवरपेक्षा पट्ट्याची रक्कम कितीतरी मोठी आहे. आणि विसरली जाते ती पट्ट्याचीच, कारण तार हवेत असते.

इथे दोन गोष्टी खटकतात, त्या स्पष्ट सांगतो. पहिली, किंमत कुठली धरायची? कागदावरचा सरकारी दर आणि प्रत्यक्ष खरेदीखताचा दर यांत बागायत पट्ट्यात मोठे अंतर असते. नव्या तत्त्वांत मूल्यांकनकार नेमून बाजारभाव ठरवण्याची सोय आहे, पण ती मागितल्याशिवाय कुणी ताटात वाढणार नाही. दुसरी, २१ मार्च २०२५ च्या पूरक तत्त्वांत पट्ट्याचा दर ग्रामीण भागात ३० टक्केच ठेवला, छोट्या नागरी भागांत ४५ आणि महानगरांत ६० टक्के केला. म्हणजे घणसोलीसारख्या ठिकाणी जमिनीची किंमतही कैक पट आणि टक्काही दुप्पट. शहरात घर बांधता येत नाही हे नुकसान मोठे, असे त्यामागचे कारण असेल. पण आपल्या सभासदाच्या मुलानेही रानात घर बांधायचे ठरवले तर पट्ट्यात त्यालाही बांधता येत नाही. हा मुद्दा आपल्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत मांडण्याजोगा आहे.

केंद्राची तत्त्वे राज्याच्या वाहिनीला आपोआप लागू होत नाहीत, राज्याचा शासन निर्णय लागतो. तेव्हा आपल्या वाहिनीला कुठला निर्णय, कुठल्या तारखेचा लागू केला आहे हे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे.

उसाचा पंचनामा

जमिनीचा मोबदला वेगळा आणि पिकाची भरपाई वेगळी. एकात दुसरे धरू देऊ नका.

वाहिनीचे काम तीन खेपांत होते. पाया, मग टॉवरची उभारणी, मग तार ओढणे. तिन्हीमध्ये महिने जातात, कधी वर्ष. पायाच्या वेळी नुकसान दिसते तेवढे असते. खरे नुकसान तार ओढताना होते, कारण तेव्हा माणसे, दोरखंड, ट्रॅक्टर आणि यंत्रे पट्ट्याच्या लांबीभर फिरतात. प्रत्येक खेपेला स्वतंत्र पंचनामा हवा, आणि तलाठी, कंपनीचा माणूस व आपण स्वतः तिथे हजर हवे. एकाच पंचनाम्यावर 'तिन्ही टप्पे' लिहून घेतात त्याला मान देऊ नये.

उसाचे दुखणे इतर पिकांहून निराळे. ज्वारी गेली तर एक हंगाम गेला. आडसाली लागण गेली तर अठरा महिने गेले, आणि तिच्या पाठोपाठचा खोडवाही गेला. टाचेखाली बुडखा चेंगरला, चाकाने सरी दाबली, तर खोडव्याला फूट नीट येत नाही. पंचनाम्यात हे लिहिले जात नाही, कारण त्या दिवशी खोडवा डोळ्यांना दिसत नसतो. तो लिहून घ्यावा. ठिबकच्या नळ्या, पाइपलाइन, पाट, बांध तुटला तर त्याचेही माप लिहावे. पायाची माती सरीवर पसरून कंत्राटदार निघून जातो. पांढरी माती किंवा मुरूम वर आला तर त्या जागी पुढची दोन-तीन वर्षे ऊस पिवळा दिसतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो आहोत.

झाडांचे : वाहिनी येण्याआधीपासून असलेल्या झाडाची भरपाई कायद्याने मिळते. वाहिनी झाल्यावर लावलेल्या झाडाची नाही. नारळ, आंबा, साग पट्ट्यात नव्याने लावू नये.

पट्ट्याखाली ऊस लावता येतो का? येतो. ४०० के.व्ही.ची तार सर्वांत खाली झुकली तरी जमिनीपासून पावणेनऊ मीटरच्या खाली येऊ नये असा नियम आहे, २२० के.व्ही.ला सात मीटर. तुरा आलेला ऊसही त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. पण तुषार सिंचनाचे अॅल्युमिनियमचे पाइप उभे धरून नेऊ नका. बोअरची गाडी पट्ट्यात लावू नका. ट्रॉली भरताना वर चढलेल्या माणसाच्या हातात लांब लोखंडी पहार असू नये. तारेचे कुंपण पट्ट्याखालून समांतर जात असेल तर त्यात वीज उतरल्यासारखा झटका बसतो, ते जमिनीला जोडून घ्यावे.

आणि पाचट. तारेखाली पाचट पेटवू नका, उभा फड तर मुळीच नाही. उंच तारेला रबराचे वेष्टन नसते. तार आणि जमीन यांच्यामधली हवा हेच तिचे वेष्टन. ज्वाळा, धूर आणि उडणारी राख ह्या हवेची ताकद घालवतात आणि वीज हवेतून जमिनीवर उडी मारते. ब्राझील, दक्षिण आफ्रिका ह्या उसाच्या देशांत फड पेटवल्यामुळे वाहिन्या बंद पडण्याचा त्रास जुना आहे. तिथे उभी असलेली माणसे वाचली तर नशीब. शिवाय जळीत उसाचे वजन आणि उतारा काय होतो ते सांगायला नको. तारेखालच्या पट्ट्यात पाचट सरीत दाबावे, कुट्टीयंत्र कारखान्याकडून मिळते.

कारखाना काय देऊ शकतो

वाहिनी अडवणे किंवा वळवणे कारखान्याच्या हातात नाही. पण पिकाच्या भरपाईत सगळ्यांत मोठा वाद 'एकरी किती टन' ह्यावर होतो, आणि त्याचा पुरावा कारखान्याच्या दप्तरी आहे. ज्या सभासदांच्या रानातून वाहिनी चालली आहे त्यांना मागच्या तीन हंगामांचा ऊसनोंदीचा उतारा आणि वजनाचा तपशील शिक्क्यासह देण्याची व्यवस्था शेतकी खात्याने केली आहे. त्यासाठी सातबारा, आठ-अ आणि आलेल्या नोटिशीची प्रत घेऊन गट ऑफिसात यावे. पट्ट्यातला ऊस पक्व झाला असेल तर तार ओढण्याच्या तारखेआधी तोड देता येईल का तेही पाहू. मात्र तारीख आम्हाला निदान पंधरा दिवस आधी कळली पाहिजे. टोळी आयत्या वेळी वळवता येत नाही.

माती परीक्षणाचा जुना अहवाल असेल तर तोही आणावा. टॉवरचे काम झाल्यावर त्याच जागेची माती पुन्हा तपासून दोन्ही अहवाल अर्जाला जोडता येतील. भरपाईच्या अर्जाचा नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे, तो विनामूल्य आहे.